शेवटच्या तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे: कार्यालयप्रमुखांना एक खुले पत्र

प्रति,
सर्व कार्यालयप्रमुख, कारखान्यांचे व्यवस्थापक आणि आस्थापना व मनुष्यबळ विभागांतील अधिकारी यांस

विषय: निवृत्त होणाऱ्या माणसाला आपण कसं पाठवतो, याबद्दल

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक आहे. 31 वर्षं आस्थापना विभागात काम केलं. त्यातली शेवटची 12 वर्षं निवृत्तीची प्रकरणं माझ्याच टेबलावर होती. सेवापुस्तक तपासायचं, शिल्लक रजेचा हिशोब लावायचा, नादेय दाखल्यावर, म्हणजे कसलंही देणं बाकी नसल्याच्या कागदावर, सगळ्या विभागांच्या सह्या गोळा करायच्या, निवृत्तिवेतनाचे कागद वेळेत पुढे पाठवायचे आणि महिनाअखेरीला सभागृहात खुर्च्या मांडून निरोप समारंभ पार पाडायचा. हे काम मी मन लावून केलं. माझ्या हलगर्जीपणामुळे एकाही माणसाचा पैसा अडकला नाही, याचा मला आजही अभिमान आहे. दीड वर्षापूर्वी त्याच सभागृहात, समोरच्या त्याच खुर्चीवर मी स्वतः बसले. तेव्हापासून जे उमगत गेलं, ते तुम्हाला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: आपण निवृत्ती म्हणजे एक तारीख धरून चालतो. कागदापुरती ती तारीख खरी असते. माणसाची निवृत्ती मात्र त्या तारखेच्या बरीच आधी सुरू झालेली असते, नंतरही कित्येक महिने ती चालूच राहते, आणि या सगळ्या काळात त्याच्याशी कसं वागायचं हे आपण कोणी ठरवलेलंच नाही.

आमच्या देखभाल विभागात एक ज्येष्ठ फिटर होते. पंपाचं बेअरिंग बिघडायला लागलंय का, हे ते कानाने ओळखत. लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक बेअरिंगच्या कवचावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. चांगल्या बेअरिंगचा आवाज एकसारखी घरघर असतो. बिघडू लागलेल्याचा आवाज खरखरीत होतो, मध्येच टिक् टिक् ऐकू येते. पाच-दहा सेकंद ऐकून ते सांगत, "हे अजून महिना काढेल," किंवा "हे आज रात्रीच बदला." ही युक्ती जुने मेकॅनिक सगळीकडेच करतात. पण आमच्या कोणत्या पंपाचा मूळचा, धडधाकट असतानाचा आवाज कसा, हे फक्त त्यांना ठाऊक होतं. त्यासाठी 28 वर्षं गेली होती.

त्यांच्या शेवटच्या वर्षात नव्या यंत्रांचं प्रशिक्षण निघालं. नावांची यादी माझ्याकडे आली. त्यांच्या नावासमोर निवृत्तीची तारीख होती, अकरा महिन्यांवर आलेली. मी ते नाव खोडलं. आता कशाला त्यांना त्रास, असं मला तेव्हा मनापासून वाटलं होतं. पुढे बैठकांची बोलावणीही त्यांना जाईनाशी झाली, कारण बैठका पुढच्या वर्षीच्या कामाच्या असत आणि पुढच्या वर्षी ते असणार नव्हते. त्यांच्या जागी यायचा तरुण अभियंता ते गेल्यावर सहा आठवड्यांनी रुजू झाला. जागा रिकामी झाल्याशिवाय भरायची नाही असा नियम होता, आणि तो आमच्यापैकी कोणालाच खटकत नव्हता.

निरोप समारंभ छान झाला. तीन भाषणं झाली. वक्तशीर होते, मनमिळाऊ होते, सगळ्यांना सांभाळून घेत, असं सगळे बोलले. पंपाचा आणि त्या स्क्रू ड्रायव्हरचा उल्लेख एकानेही केला नाही.

पाच महिन्यांनी एका मोठ्या पंपातून वेगळाच आवाज येऊ लागला आणि तो नेमका कुठून येतोय यावर कोणाचंच एकमत होईना. कोणीतरी त्यांना फोन केला. दीड तासात ते हजर झाले, इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन. फाटकावर त्यांना अडवलं, कारण ओळखपत्र तर आम्ही जमा करून घेतलं होतं. पाहुण्यांच्या वहीत नाव, कोणाला भेटायचंय, कशासाठी, सोबतच्या हत्याराची वेगळी नोंद, आतून कोणाचा तरी होकार. मला कळून मी खाली पोहोचेपर्यंत 40 मिनिटं झाली होती. ते बाकावर बसले होते, दोन्ही हात मांडीवर, स्क्रू ड्रायव्हर हातांत आडवा धरलेला. चिडलेले नव्हते. ज्या फाटकातून 28 वर्षं आत-बाहेर केलं, त्याच्याकडे ते नुसते बघत होते.

पंपाचं दुखणं त्यांनी एका मिनिटात ओळखलं. त्यानंतरचा तास मात्र त्यांनी त्या तरुण अभियंत्याला दिला. त्याच्या कानाला मूठ लावून, आधी चांगलं बेअरिंग ऐकवून, मग बिघडलेलं, मग परत चांगलं. निघताना मला म्हणाले, "मॅडम, हे पोरगं मला आधी का नाही दिलंत?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. हे पत्र मी त्या प्रश्नासाठीच लिहिते आहे.

लोक निवृत्तीकडे कसं बघतात, हे भाषाभाषांमध्येही दिसतं. स्पॅनिशमध्ये निवृत्तीला खुबिलासिओन म्हणतात, आणि त्या शब्दाचं लॅटिन मूळ आनंदाने ओरडण्याशी जोडलेलं आहे. इंग्रजीतला रिटायर फ्रेंचमधून आला, त्याचा अर्थ मागे ओढून घेणं. आपल्या निवृत्तीत परत फिरणं आहे, थांबणं आहे. प्रवृत्तीच्या समोर आपण तिला उभी करतो. जपानीत निवृत्त होऊन दिवसभर बायकोच्या मागे मागे राहणाऱ्या नवऱ्याला नुरे-ओचिबा म्हणतात, म्हणजे झाडूने झटकलं तरी चिकटून राहणारं ओलं, गळालेलं पान. हा शब्द मला फार कठोर वाटतो. पण तो कोणाच्या तोंडून आला असेल ते समजतं, कारण एका माणसाची निवृत्ती झाली की दुसऱ्या माणसाचाही दिवस बदलतो, आणि त्या दुसऱ्याला कोणीच काही विचारलेलं नसतं.

निरोपाला आलेली माणसं काय म्हणतात तेही मी वर्षानुवर्षं ऐकलं. पुरुषांना म्हणतात, "आता आराम करा." बायकांना म्हणतात, "आता घराकडे लक्ष देता येईल." मलाही तेच म्हणाले. जणू 31 वर्षं घर वाऱ्यावर होतं. आणि दोन-तीन महिन्यांनी भेटले की सगळ्यांना एकच प्रश्न: "मग, वेळ कसा जातो?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण त्यात एक गृहीत धरलेलं असतं, की आता वेळ फक्त जाण्यासाठी उरला आहे.

निवृत्तीचं वय निसर्गाने ठरवलंय असं आपण वागतो. ते सरकारी हिशोबातून आलेलं आहे. जर्मनीत 1889 मध्ये वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा झाला तेव्हा वय 70 धरलं होतं; 1916 मध्ये ते 65 वर आणलं. ब्रिटनच्या 1908 च्या कायद्यातही 70 च होतं. अमेरिकेने 1935 मध्ये 65 निवडलं. पुढे अमेरिकेने 1986 मध्ये बहुतेक कामांसाठी वयाच्या कारणावरून सक्तीने निवृत्त करणं बंद केलं, आणि ब्रिटनमध्ये 65 व्या वर्षी सरसकट निवृत्त करण्याची मालकांची मुभा 2011 मध्ये गेली. आकडा हवाच असतो, त्याशिवाय निवृत्तिवेतनाचं गणित मांडता येत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण त्या आकड्याच्या आदल्या दिवशी ज्याच्यावाचून अडत होतं, तो माणूस दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेरच्या बाकावर बसतो, याला कोणताही कायदा जबाबदार नाही. ते आपण करतो.

काम गेलं की पगाराखेरीज काय काय जातं, याचा सगळ्यात प्रामाणिक शोध मला एका जुन्या अभ्यासात सापडला. ऑस्ट्रियातल्या मारियेनटाल या गावातली कापडगिरणी 1930 च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी तिथल्या लोकांचं रोजचं जगणं टिपून ठेवलं. ते 1933 मध्ये प्रसिद्ध झालं. वाटेल तेवढा वेळ हाती आला तर लोक वाचतील, फिरतील, राहिलेलं सगळं करतील असं आपल्याला वाटतं. तिथे वाचनालयातून पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं, आणि तेही पुस्तकं फुकट मिळायला लागलेली असताना. रस्त्यावरून जाणारे पुरुष सावकाश चालत, मध्येच थांबत. बायकांचं पाऊल त्यांच्यापेक्षा भराभर पडे, कारण त्यांच्यामागचं घरकाम सुटलेलं नव्हतं आणि त्यांच्या दिवसाला आकार उरला होता.

बेकारी आणि निवृत्ती एक नव्हेत, हे मला कळतं. त्या गावात पोट भरायची भ्रांत होती. निवृत्त माणसाला बहुधा थोडाफार आधार असतो, आणि त्याला कोणी काढून टाकलेलं नसतं. तरी याहोदा यांनी पुढे जे मांडलं ते दोन्हीकडे लागू पडतं. नोकरी पगाराबरोबर पाच गोष्टी देते: दिवसाला बांधणी, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, अनेकांनी मिळून करायच्या कामात वाटा, समाजात ओळख आणि हातापायांना नियमित व्यवहार. आपण निवृत्त होणाऱ्याला जो हिशोबाचा कागद देतो, त्यात या पाचांपैकी एकाचीही ओळ नसते.

माझं सांगते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला माझं संगणकाचं खातं बंद झालं. ते बंद करायचा आदेश मीच आदल्या आठवड्यात लिहून दिला होता, इतरांसाठी लिहायचे तसाच. पहिला महिना खरोखर आनंदात गेला. मग फोन. सुरुवातीला रोज यायचे: "ते जुनं परिपत्रक कोणत्या फाइलला लावलंय?", "त्या प्रकरणात आपण काय उत्तर दिलं होतं?" लोकांना वाटायचं आपण त्रास देतोय. मला ते फोन हवे असत. मग आठवड्याला एक झाला. सहाव्या-सातव्या आठवड्यात तोही थांबला. माझी जागा घेतलेली मुलगी हुशार आहे, तिला आता सगळं सापडत होतं, आणि मला तिचं कौतुक वाटलं. त्या दिवशी दुपारी मी कपाटातली सगळी कागदपत्रं बाहेर काढून परत लावली. ती आधीच नीट लावलेली होती.

घरकाम मलाही होतंच, मारियेनटालच्या बायकांसारखं. त्यामुळे दिवस मोडला नाही. पण जिन्यात भेटून दोन वाक्यं बोलणारी माणसं गेली. मला खरं सांगायचं तर कामापेक्षा ती जास्त आठवली. ज्यांच्याशी घरोबा नव्हता, ज्यांची घरंही मी पाहिलेली नाहीत, अशी वीस-पंचवीस माणसं रोज मला बघत होती आणि मी त्यांना. अशी माणसं फोन करून भेटायला बोलावता येत नाहीत.

रॉबर्ट ॲचली या समाजशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात निवृत्तीचे टप्पे मांडले होते. सुरुवातीचा मधुचंद्राचा काळ, मग भ्रमनिरास, मग नव्याने घडी बसवणं आणि शेवटी स्थिरता. प्रत्येकाला सगळे टप्पे येतातच असं नाही, आणि याच क्रमाने येतील असंही नाही. पण माझ्या टेबलावरून गेलेल्या कितीतरी लोकांनी पुढे भेटल्यावर जे सांगितलं ते याच्याशी जुळतं. पहिले काही आठवडे झकास, मग एक खोलगट भाग. आपली सगळी आस्था, सगळी फुलं, सगळे फोटो पहिल्या दिवशी संपतात. गरज तिसऱ्या-चौथ्या महिन्यात असते.

1967 मध्ये होम्स आणि राहे या दोघांनी आयुष्यातल्या 43 बदलांची एक मोजपट्टी केली होती. बदलाशी जुळवून घ्यायला माणसाला किती ताण पडतो त्याप्रमाणे गुण दिले होते. त्यात लग्नाला 50, नोकरीवरून काढलं जाण्याला 47 आणि निवृत्तीला 45 गुण होते. लग्नाची तयारी महिनोन् महिने चालते. कोणाची नोकरी सुटली तर लोक हळहळतात, धीर देतात. जवळपास तेवढ्याच ताणाच्या निवृत्तीसाठी आपण एक संध्याकाळ ठेवतो.

सगळ्यांनाच निवृत्ती जड जाते, असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्याकडे माल चढवण्या-उतरवण्याच्या कामावर एक गृहस्थ होते. त्यांचे गुडघे केव्हाच गेले होते. शेवटच्या दिवशी सही करताना ते इतके मोकळे दिसत होते की मला त्यांची दृष्ट काढावीशी वाटली. ज्यांना वरिष्ठांनी छळलं, ज्यांनी रात्रपाळ्यांत झोप घालवली, त्यांच्यासाठी ती तारीख सुटका असते, आणि ती त्यांना वेळेवर मिळायलाच हवी. माणसाने शेवटपर्यंत कामाला जुंपूनच घ्यावं असं सांगणाऱ्यांशी माझं जमत नाही. आणि ज्याला पोटासाठी निवृत्तीनंतरही काम शोधावं लागतं, त्याच्यापुढे हे सगळं पत्र हळवं वाटेल; त्याचा प्रश्न पैशाचाच आहे आणि तो पैशानेच सुटेल. पण म्हणूनच प्रत्येकाला वेगळं विचारायला हवं. "तुम्हाला थांबायचंय का, कसं थांबायचंय?" हा प्रश्न माझ्या 12 वर्षांत मी एकालाही विचारला नाही. अर्जात तसा रकानाच नव्हता.

आता मागण्या.

पहिली, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: जागा रिकामी होण्याआधी भरा. निदान सहा महिने जुना आणि नवा माणूस शेजारी शेजारी काम करू द्या. चार्ज देणं म्हणजे आपल्याकडे चाव्या, फाइलींची यादी आणि दोन सह्या. कोणता पंप कसा बोलतो, कोणत्या पुरवठादाराला दोनदा आठवण करावी लागते, कोणत्या खात्यातल्या कोणत्या माणसाला आधी फोन केला की काम होतं, हे त्या यादीत मावत नाही. सहा महिन्यांच्या दुहेरी पगाराचा खर्च मी स्वतः मांडून बघितला आहे. बंद पडलेल्या मोठ्या यंत्राचा खर्च त्याच्या शेजारी मांडा आणि मग ठरवा. आणि पैशापलीकडे हेही बघा, की ज्याला शिकवायला माणूस मिळाला त्याचं शेवटचं वर्ष फुकट जात नाही.

प्रशिक्षणाच्या यादीतून, बैठकांतून, बढतीच्या चर्चेतून तारीख बघून नाव खोडणं थांबवा. मी हे केलं आहे, म्हणून सांगते: खोडणाऱ्याला ते कळतही नाही. ज्याचं नाव खोडलं जातं त्याला पहिल्याच वेळी कळतं.

जिथे काम तसं असेल तिथे तास हळूहळू कमी करायची सोय द्या. स्वीडनने 1976 मध्ये आंशिक निवृत्तिवेतनाची योजना आणली होती. साठी ओलांडलेल्या, पण 65 च्या आतल्या माणसाने तास कमी केले, तर बुडालेल्या पगाराचा काही भाग योजनेतून भरून मिळे. पुढे ती बंद झाली, पण थांबणं असं उतरत्या पायऱ्यांनीही करता येतं हे तिने दाखवलं. देशाचा कायदा बदलणं तुमच्या हातात नसेल. आठवड्याचे पाच दिवस चारवर आणि चारचे तीनवर आणणं पुष्कळांच्या हातात आहे.

निवृत्तीआधी जे मार्गदर्शन शिबिर होतं, त्यात गुंतवणूक आणि तब्येत सोडून तिसरा विषय नसतो. त्यात घरातल्या माणसालाही बोलवा आणि दोघांनाही एक साधा प्रश्न विचारा, की एखाद्या मंगळवारी सकाळी दहा वाजता तुम्ही कुठे असाल, कोणाबरोबर? मी हा प्रश्न निवृत्त झाल्यावर स्वतःला विचारला, तेव्हा उत्तर यायला चार महिने लागले.

आणि नंतरचं एक वर्ष. एक वर्षाचा प्रवेश पास द्या. काही मोठं नाही, एक कार्ड. आणि तिसऱ्या महिन्यात कोणीतरी फोन करा, कामासाठी नव्हे, कसे आहात विचारायला. कोणी करायचा ते नावानिशी ठरवा, नाहीतर तो कोणीच करत नाही. ही सूचना मी नोकरीत असतानाच एकदा मांडली होती. तेव्हा माझ्या वरिष्ठांनी सांगितलं की आपण काही समाजसेवा करत नाही. मी गप्प बसले. आज गप्प बसणार नाही: ज्या माणसाने तुमच्याकडे तीस वर्षं काढली, त्याला वर्षाकाठी दहा मिनिटं देणं ही समाजसेवा नव्हे, ते देणं लागतं.

निरोपाच्या भाषणातही एक बदल करा. बोलणाऱ्याला आदल्या दिवशी त्या माणसाच्या कामाच्या जागी पाठवा. तो नेमकं काय करत होता, ते अर्धा तास बघून येऊ द्या.

पुढच्या दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची यादी तुमच्या कपाटात असतेच. मी ती दर जानेवारीत करायचे: नाव, पद, जन्मतारीख, निवृत्तीची तारीख, शेरा. त्यात एक रकाना वाढवा, "यांच्याकडून कोण शिकत आहे?" आणि जिथे तो रिकामा राहील, त्या माणसाकडे स्वतः चालत जा. त्याला आपल्या दालनात बोलावू नका.

आमचा तो तरुण अभियंता आता स्वतःचा लांब स्क्रू ड्रायव्हर बाळगतो. अडलं की पंपाचा आवाज फोनवर टिपून त्यांना पाठवतो. त्यांचं उत्तर दर वेळी ठरलेलं असतं: "फोनमधून कळत नाही रे, बोलाव मला." तो बोलावतो, ते येतात, आणि फाटकावर पाहुण्यांच्या वहीत पुन्हा नाव लिहितात. कार्ड अजून मिळालेलं नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आस्थापना अधिकारी